दांडा धरून बघा, मग कपडा घ्या

पत्र: "आम्ही धनकवडीत राहतो. आमच्या वरच्या खोलीत जर्मनीहून आलेली २३ वर्षांची मुलगी राहते. विद्यापीठात वर्षभरासाठी शिकायला आली आहे. रोज पीएमपीनं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसनं, स्वारगेटला जाते, तिथं बस बदलून विद्यापीठ. मला काकू म्हणते. आल्या आल्या तिनं फॅशन स्ट्रीटवरून 'इकडचे कपडे' म्हणून चार मोठ्या घेराचे पायघोळ स्कर्ट आणि लांब ओढण्या आणल्या. तिसऱ्याच दिवशी बसमधून उतरताना स्कर्ट कुणाच्या तरी बुटाखाली आला आणि कमरेपासून उसवला. बिचारी सॅक मागं धरून घरी आली. त्यानंतर शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचा टॉप घालून जायला लागली, तर सोसायटीतल्या दोघींनी मलाच ऐकवलं. आता पाऊस तोंडावर आलाय. तिनं काय घालावं हे तिला वाईट न वाटता कसं सांगू? तिची आई होऊन बसायची माझी इच्छा नाही. आणि गणपतीत तिला साडी नेसून बसनंच जायचंय, हे वेगळंच."

ताई,

सोसायटीचं आधी बाजूला ठेवू. अंगभर काय आणि तोकडं काय, हा प्रश्न पुण्यात पन्नास वर्षं चालू आहे आणि पुढची पन्नास चालेल. तुमच्या पाहुणीचा प्रश्न तो नाही. तिचा स्कर्ट पायघोळ होता, म्हणजे सोसायटीच्या हिशेबानं एकदम सभ्य, आणि तोच फाटला. तेव्हा तिला "नीट कपडे घाल" म्हणू नका. "बससाठी कपडे शिवून घेऊ" म्हणा. हे वाक्य आईचं नाही, रोज बसनं जाणाऱ्या बाईचं आहे.

तिच्या गावच्या आणि इथल्या बसमध्ये मुख्य फरक कोणता, तो तिला सांगा. पीएमपीत मागच्या दारानं चढायचं (नव्या बसमध्ये मधल्या) आणि पुढच्या दारानं उतरायचं. म्हणजे प्रत्येक प्रवासात भरलेल्या बसमधून माणसांच्या मधून वाट काढत पुढं सरकावंच लागतं. ऑफिसच्या वेळी स्वारगेटला ही वाट म्हणजे दोन माणसांमधली वीतभर फट असते. अंगावरून लोंबणारी, फडफडणारी, मागं रेंगाळणारी प्रत्येक गोष्ट त्या फटीत मागं राहते आणि माणूस पुढं जातं. स्कर्ट तसाच गेला.

म्हणून कपडा आरशासमोर सरळ उभं राहून पारखू नका. बसमध्ये आपण तसे कधीच उभे नसतो. तिथं तीन गोष्टी करतो: पाय उंच टाकतो, हात वर करून दांडा धरतो आणि अंग आडवं करून सरकतो. या तिन्ही घरीच करून बघता येतात. बसची पहिली पायरी रस्त्यापासून साधारण ४० सेंटीमीटर वर असते, आणि ड्रायव्हरनं बस फुटपाथपासून लांब, उतारावर थांबवली तर त्याहून जास्त. स्वयंपाकघरातलं ४०-४५ सेंटीमीटर उंचीचं भक्कम स्टूल घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा. तिला एका हातात पिशवी देऊन, दुसऱ्या हातानं दाराची चौकट धरून त्यावर चढायला सांगा. चढताना कापड उचलायला तिसरा हात लागला, तर तो कपडा बसचा नाही. मग दोन्ही हात वर करून चौकटीचा वरचा भाग धरायचा. कुर्ता किंवा टॉप वर सरकल्यावरही कमरेखालची चार बोटं झाकलेली राहिली पाहिजेत. मग भिंत आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेतून आडवं होऊन जायचं. काय अडकतंय ते लगेच कळतं. बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गाच्या, फलाटावर बस आणि फलाट जवळपास एका पातळीत असतात, तिथं पायरी नाही, पण मध्ये फट असते. ती दिसायला आपलीच पावलं आपल्याला दिसली पाहिजेत. घेरदार स्कर्टात ती दिसत नाहीत.

ते चार स्कर्ट टाकून द्यायचे नाहीत. एक कमरेपासून का उसवला, ते उलटा करून बघा. असल्या स्वस्त स्कर्टांत चुण्या लांब टाक्यांनी, एकेरी शिलाईनं इलॅस्टिकला जोडलेल्या असतात. खालची किनार कुणाच्या पायाखाली आली आणि आपण पाऊल पुढं टाकलं, की सगळा ताण त्या एका शिलाईतल्या पाच-सहा टाक्यांवर येतो. कापड टिकतं, शिलाई जाते. गल्लीतल्या शिंप्याकडून तीन कामं करून घ्या. खालून कापून स्कर्ट घोट्याच्या चार बोटं वर आणायचा. घेर निम्मा करायचा. कमरेला आतून इंचभर रुंदीची सुती पट्टी लावून दुहेरी शिलाई मारायची. उरलेलं कापड फेकू नका, त्याचे खिसे होतील. एवढं करूनही तो स्कर्ट रविवारचा, दुपारच्या रिकाम्या बसचा. आतून गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट हवीच.

रोजच्यासाठी कुर्ता आणि सरळ पँट. यात नवीन काही नाही, पण शिवून घेताना काय सांगायचं हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. लक्ष्मी रोडवर सुती कापड घ्या. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच असेल तर तिच्या कुर्त्याला अडीच मीटर पुरेल. आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. सुती कापड पहिल्या पाण्यात तीन ते पाच टक्के आटतं. ३८ इंच लांबीचा कुर्ता इंच-दोन इंचांनी आखूड होतो आणि मग दांडा धरल्यावर पोट दिसतं. दोष शिंप्याला दिला जातो, चूक मात्र न भिजवण्याची असते.

उंची खांद्यापासून ३६ ते ३८ इंच, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर. त्याहून लांब झाला तर पायरी चढताना पुढचा भाग गुडघ्यात येतो आणि बसताना शेजारणीच्या मांडीखाली जातो. बाजूचा कट नितंबाच्या सर्वांत रुंद भागाच्या दोन बोटं वरून सुरू व्हावा. खाली सुरू झालेला कट पाय उंच टाकताना टोकाला फाटतो, म्हणून कटाच्या टोकाला आतून कापडाचा छोटा त्रिकोण लावून घ्या. आता मुंढा, म्हणजे बाही जिथं जोडतात तो भाग. हात वर केला की सगळा कुर्ता वर जातो, याचं कारण उंची नव्हे, घट्ट मुंढा आणि बगलेत कापड नसणं. शिंप्याला सांगा, "बगलेत तीन बाय तीन इंचाचा चौकोनी तुकडा घाला." जुन्या सदऱ्यांना असायचा तसा. हात वर गेला की तो तुकडा उघडतो आणि कुर्ता जागच्या जागी राहतो. शिंपी कुरकुर करेल, कारण वेळ जातो. तरी करून घ्या, बाकी सगळ्यापेक्षा फरक यानंच पडतो. बाही कोपरापर्यंत. बिनबाह्यांचा टॉप वाईट नाही, पण दांडा धरलेल्या हाताची बगल बसलेल्या माणसाच्या बरोबर नाकासमोर येते, आणि हे मे महिन्यात दोघांनाही नको असतं. बाजूच्या शिवणीत इंचभर मार्जिन सोडायला सांगा. पुण्यात वर्षभर राहिलेली माणसं बारीक होऊन परत जातात, असं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

रंग गडद किंवा बारीक छापाचा. बसच्या दांड्याला, दाराच्या कडांना वंगण आणि धूळ यांची काळी चिकट पुटं असतात. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला जे लाल असतं ते काय असतं, हेही तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती पांढऱ्या बाहीचं कोपर बाहेर काढून बसणार नाही. रेयॉन दुकानात मऊ लागतं, पण घामानं अंगाला चिकटतं, ओलं झालं की जड होतं आणि ओलं असतानाच पटकन फाटतं. फार पातळ मलमल गर्दीत टिकत नाही.

पँट सरळ, घोट्यापाशी घेर १३-१४ इंच, लांबी घोट्याच्या जरा वर. चुडीदार गुडघ्यात आवळतो आणि उंच पायरीवर त्याची शिवण सुटते. पलाझो म्हणजे दोन पायांचे दोन स्कर्ट, त्याबद्दल वर सांगून झालं. कमरेला इलॅस्टिक आणि नाडी दोन्ही ठेवा. नाडीला सुरगाठ मारायला शिकवा, निरगाठ नव्हे. परक्या गावात घाईच्या वेळी न सुटणारी गाठ म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको.

खिसे. पँटच्या उजव्या शिवणीत एक, सात-आठ इंच खोल, वर चेन. कुर्त्याला खिसा करायचा मोह होईल, पण तो कटाच्या आसपास येतो, बाहेरून हात सहज जातो आणि मोबाइलच्या वजनानं कुर्ता एका बाजूला ओढला जातो. शिवाय एक चोरखिसा. स्कर्टाच्या उरलेल्या कापडातून पाच बाय सात इंचाची पिशवी करून ती नेफ्याच्या, म्हणजे नाडी ओवायच्या पट्टीच्या, आत, पोटाच्या बाजूला, फक्त वरच्या कडेनं शिवायची. खाली मोकळी राहिल्यामुळं वाकताना टोचत नाही. त्यात पासपोर्ट नको, तो घरच्या कपाटात. कार्ड, मोठी नोट आणि खोलीची जादा किल्ली, बस. हा खिसा बसमध्ये उघडायचा नाही. उघडला की तो चोरखिसा राहत नाही, सगळ्या बसला त्याची जागा कळते. तिकिटाचे सुटे पैसे वेगळे, पँटच्या चेनच्या खिशात, वरच. गर्दीत मोबाइल काढून क्यूआर कोड स्कॅन करता येतो, पण एक हात दांड्याला, एका हातात मोबाइल आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला, अशा वेळी तो कुठं जातो ते सांगता येत नाही. दहा-वीसच्या नोटा बऱ्या. तिकिटाचा कागद पातळ असतो, घामट मुठीत त्यावरची शाई उडते. घड्याळाच्या पट्ट्याखाली घडी करून ठेवावा. तपासनीस आले तर दाखवता येतो.

आता ओढणी. बाजारातली ओढणी सव्वादोन-अडीच मीटरची असते. दोन खांद्यांवरून मागं सोडली की तिची टोकं कुणाच्या तरी सॅकच्या चेनमध्ये, सीटच्या कोपऱ्यात किंवा दारात अडकतात. दार हवेच्या दाबानं घडी होऊन मिटतं, त्याला ओढणी कळत नाही. गळ्याभोवती वेढा देऊन दोन्ही बाजूंना पिना लावणं हा त्याहून वाईट उपाय, कारण मग ओढणी सुटत नाही, गळा आवळते. तिला असं शिकवा: ओढणीची लांबी तशीच ठेवून रुंदीत चार पदरी घडी करायची, डाव्या खांद्यावर ठेवायची, पुढचं आणि मागचं टोक जानव्यासारखं तिरकं उजव्या कमरेवर आणून सुरगाठ मारायची. टोकं गाठीच्या खाली वीतभरच उरली पाहिजेत. पिन एकच, डाव्या खांद्यावर, आणि ती कुर्त्याच्या खांद्याच्या शिवणीतून घालायची. तिथं कापड दुहेरी असतं. नुसत्या कापडातून घातलेली पिन पहिल्याच झटक्याला एक इंचाची फाट देते. टोक अडकलंच तर गाठ सुटेल, पिन उघडेल, ओढणी जाईल. जाऊ द्यावी. ओढणी घेतलीच पाहिजे असंही नाही. ऊन आणि धूळ यांच्यासाठी मीटर-दीड मीटरचा सुती स्कार्फ पुरतो. पुण्यातल्या मुली स्कूटरवर डोळे सोडून सगळं तोंड बांधतात तो स्कार्फ. ते बघून ती पहिल्या दिवशी दचकली असेल. तोच स्कार्फ बसच्या खिडकीशीही तितकाच कामाचा. केस त्यात बांधले जातात, आणि खिडकीच्या वाऱ्यानं मागच्या बाईच्या तोंडात जात नाहीत. सनकोट मात्र बसमध्ये उकडतो. तो स्कूटरवाल्यांचा.

केस बांधूनच. लांब वेणी असेल तर अंबाडा, कारण वेणी सॅकच्या पट्ट्यात सापडते आणि सॅक काढताना मान मागं ओढली जाते. लोंबते कानातले नकोत. उंच खड्याची अंगठी दांड्यावर हात सरकताना दुसरीच्या ओढणीचा धागा घेऊन येते.

सॅक पाठीवर ठेवून चढली, तर कंडक्टर स्वतःच ओरडतो, "सॅक पुढं घ्या!" तो रागावलेला नसतो, त्याचा आवाजच तसा असतो. सॅक स्टॉपवरच पुढं घ्यायची, दारात नाही. पट्टे एवढे आवळायचे की सॅकचा तळ कमरेच्या वर राहील, नाहीतर पायरी चढताना गुडघा त्यावर आपटतो. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून रबर लावा. सीटच्या हँडलमध्ये नेमकी तीच अडकतात. बाटली बाजूच्या जाळीत नको, वळणावर ती निसटते आणि ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत गडगडत जाते. आणि बसलेली एखादी बाई हात पुढं करून "द्या इकडं" म्हणाली, तर ती सॅक मांडीवर घ्यायला तयार आहे, असा त्याचा अर्थ. हे तिला सांगून ठेवा, नाहीतर ती घट्ट धरून बसेल आणि दोघीही अवघडतील. सॅक द्यावी. पैसे अंगावर आहेत ना, मग झालं.

शॉर्ट्सचा विषय. तिनं त्या घालाव्यात की नाही, हे तिचं. तुम्ही फक्त एवढं सांगा की एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि डेपोत उन्हात उभ्या असलेल्या बसची सीट उघड्या मांडीला चटका देते. मग घामानं चामडी सीटला चिकटते. उभं राहिलं तर मंडईतून निघालेल्या बाईची पिशवी, कुणाच्या डब्याची कडी, सीटची पत्र्याची कड, सगळं गुडघ्याच्या उंचीवर घासतं. गुडघ्याखाली आलेली सुती पँट या सगळ्याला पुरते. हे कारण ऐकून ती स्वतःच ठरवेल, आणि नाही ठरवलं तरी तुमचं काम झालं.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट आडपडद्यानं सांगण्यात अर्थ नाही. गर्दीत हात लावणारा माणूस कपडे बघून लावत नाही. नऊवारीतल्या आजीलाही हा अनुभव असतो. त्यामुळं कुर्ता घातला की त्रास होणार नाही, असं तिला चुकूनही सांगू नका. पुढं घेतलेली सॅक आणि कोपरापर्यंतची बाही थोडं अंतर देतात, एवढंच. बसमध्ये डाव्या बाजूच्या जागा महिलांसाठी राखीव असतात. उभं राहायचं तर त्या बाजूला, शक्यतो एखाद्या सीटला किंवा खांबाला पाठ लावून. आणि तिला तीन वाक्यं पाठ करून द्या, मोठ्यानं म्हणायची: "मागं सरका." "हात काढा." "कंडक्टर, हा माणूस त्रास देतोय, बस थांबवा." इंग्रजीत म्हटलं की बघ्यांना वाटतं काहीतरी गैरसमज झाला असेल. मराठीत म्हटलं की अर्धी बस मान वळवते. पोलिसांचा ११२ आणि महिलांसाठीचा १०९१ हे आकडे मोबाइलमध्ये वर ठेवावेत. रोजच्या कामाची दोन वाक्यंही द्या: "पुढच्या स्टॉपला उतरणार का?" आणि "उतरायचंय, जरा सरकून घ्या." स्वारगेटला उतरायचं असेल तर हे दुसरं वाक्य दोन स्टॉप आधीच सुरू करावं लागतं.

चपला. मागून चढणाऱ्याचा पाय टाचेवर पडतो आणि स्लिपर जागीच राहते, आपण अनवाणी वर. म्हणून टाचेला पट्टा हवाच, आणि बोटं झाकलेली असली तर सोन्याहून पिवळं. टाच सपाट. नाडीचे बूट असतील तर दुहेरी गाठ. बसच्या पायऱ्यांवर नक्षीचा पत्रा असतो, तो ओला झाला की कडक प्लास्टिकचा तळवा घसरतो. दुकानात तळवा अंगठ्यानं दाबून बघा. थोडा दबला तर रबर मऊ आहे, धरेल. दगडासारखा लागला तर ठेवून द्या. तिनं हौसेनं कोल्हापुरी घेतली असेल तर ती ऑक्टोबरपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायला सांगा. पावसात चामडं फुगतं, शिवण कुजते आणि वासही येतो.

पाऊस. इथं बहुतेक जण चुकतात, कारण पुण्यातली रेनकोटची दुकानं दुचाकीवाल्यांसाठी भरलेली असतात. पँट-कोटाचा तो जाड संच बसला निरुपयोगी. तो ओला होऊन आत आला की बसलेल्या चार माणसांना भिजवतो, आणि काढायला जागा नसते. पोंचो सॅकसकट झाकतो खरा, पण दारात तो म्हणजे पुन्हा घेरदार स्कर्टच. गुडघ्यापर्यंतचा, पुढं चेन असलेला, हलका रेनकोट घ्या, नेहमीच्या मापापेक्षा दोन मापं मोठा. आधी सॅक पुढं अडकवायची, मग तिच्यावरून रेनकोट घालून चेन लावायची. पोट सुटल्यासारखं दिसेल, दिसू दे. पुस्तकं कोरडी राहतात, दारात सॅक फिरवत बसावं लागत नाही आणि कंडक्टरला ओरडायला काही उरत नाही. पैसे आधीच काढून रेनकोटच्या बाहेरच्या खिशात ठेवायचे.

छत्री तीन घड्यांची. लांब दांडीची छत्री बसमध्ये दुसऱ्याच्या पोटरीत टोचते आणि सीटखाली विसरली जाते. मिटलेल्या छत्रीचं कव्हर पहिल्या आठवड्यात हरवतं, हे गृहीत धरून साडीच्या दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी सोबत ठेवा. तळाशी एक जुना नॅपकिन, म्हणजे पाणी त्यात मुरतं. छत्री स्टॉपच्या छपराखालीच झटकून पिशवीत. बस दिसल्यावर हे करायला गेलं तर बस सुटते.

कापडाबाबत पावसाळ्यापुरती आमची एक सवलत आहे, सुतीवाल्या मंडळींना ती आवडणार नाही. पँट टेरिकॉटची घ्या. जीन्स सकाळी धनकवडीत भिजली की संध्याकाळपर्यंत विद्यापीठात ओलीच असते आणि मांड्या सोलवटतात. टेरिकॉट तास-दीड तासात वाळतं. वरचा कुर्ता सुतीच ठेवा. सॅकमध्ये मोज्यांचा कोरडा जोड.

थंडीचं फार काही नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी १०-१२ अंश आणि दुपारी ३० च्या आसपास असतं, म्हणून जाकीट असं घ्यावं की दुपारी सॅकमध्ये मावेल. कमरेला बाह्यांची गाठ मारून बसमध्ये जायचं नाही. जर्मनीच्या मुलीला पुण्याची थंडी तुम्ही शिकवायला जाऊ नका, हसेल.

राहता राहिली साडी. गणपतीत संध्याकाळी पेठांतले रस्ते बंद होतात, बसचे मार्ग बदलतात, म्हणजे स्वारगेटच्या पुढं चालणं आलं. तिची हौस आहे तर सहावारी नेसवा, पण सुती. रेशमी किंवा सिंथेटिक साडी परकरावरून घसरते आणि निऱ्या पायरीवर खाली येतात. परकर जुन्या पद्धतीचा, खाली अडीच मीटर घेराचा. हल्ली मिळतो तो अंगाला घट्ट बसणारा परकर उंच पाऊल टाकू देत नाही. साडी नेहमीपेक्षा दोन इंच वर, घोटे दिसतील अशी नेसवा, आणि नेसवताना तिनं बसमध्ये घालायच्याच चपला पायात घातलेल्या असू द्या. निऱ्या पाच-सहाच. सगळ्या निऱ्या धरून कमरेच्या चार बोटं खाली आतून एक मोठी पिन, ती परकरात गुंतवू नका, नाहीतर पाय टाकताना परकर आणि साडी एकमेकांना ओढतात. पदराला खांद्यावर एक पिन, ब्लाउजच्या शिवणीतून. पदराचं टोक पाठीमागून उजव्या बाजूनं पुढं आणून डाव्या कमरेला खोचायचं. बसमधल्या बायका हेच करतात, तिनं एकदा नीट बघितलं तर तिला कळेल. चढताना डाव्या हातानं निऱ्या चार बोटं उचलायच्या आणि उजव्या हातानं दांडा. त्या दिवशी सॅक नाही, खांद्याला आवळून घेतलेली छोटी पर्स.

खरं तर चढ-उताराला नऊवारीसारखी साडी नाही, काष्टा घातला की दोन्ही पाय मोकळे. तुळशीबागेत शिवलेली नऊवारी मिळते, पँटसारखी चढवायची. पण घेण्याआधी तिला दुकानातच एक पाय स्टुलावर टाकायला लावा. बऱ्याच शिवलेल्या नऊवारींत मांड्यांमध्ये कापड कमी धरलेलं असतं आणि काष्टा नुसता दिसायला असतो. आदल्या दिवशी तुमच्याच जिन्यावर दोन-दोन पायऱ्या घेत तिला एकदा वर-खाली करू द्या. आणि पिना लावताना मोजून लावा, रात्री काढताना मोजून काढा. चार लावल्या आणि तीन निघाल्या, तर चौथी परकरात बघा.